मारितचं वैयक्तिक काम

सोमवारी सकाळी सव्वासहाला मारित एकलुंड सर्जरी विभागाच्या कचेरीत गेली आणि तिने डॉ. निगार्ड यांची पंधरा मिनिटं मागितली. तिने केलं ते एवढंच. पुढचं सगळं इतरांनी केलं, आणि तेही चांगल्या मनाने, त्यामुळे कुणाला बोलही लावता येत नाही.

कचेरीत लव्हॉनबाई होत्या. निवासी डॉक्टरांच्या ड्यूट्या, रजा, परीक्षांचे अर्ज, वाढदिवसाचे केक, सगळं गेली अठ्ठावीस वर्षं त्यांच्या टेबलावरून जात होतं. प्रशिक्षणाचे प्रमुख म्हणून दारावर नाव डॉ. आर्विड निगार्ड यांचं होतं, पण ते कुठल्या वारी कुठे असतील हे स्वतः डॉक्टरसुद्धा लव्हॉनबाईंनाच विचारत. त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "कशासंबंधी लिहू?"

"वैयक्तिक आहे," मारित म्हणाली.

लव्हॉनबाईंचं पेन थांबलं. त्या विभागात अठ्ठावीस वर्षांत हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. उत्तर मिनेसोटातली माणसं ती. घटस्फोट झाला तर 'जरा घर बदलतोय' म्हणत, आणि बापाला मातीत ठेवून आले तर 'मंगळवारी थोडं काम होतं' म्हणत. वैयक्तिक हा शब्द तोंडाबाहेर पडायचा म्हणजे आत काय चाललं असेल, याची लव्हॉनबाईंना कल्पनाच करवेना. वर मात्र त्या फक्त म्हणाल्या, "बरं तर. गुरुवारी दोन वाजता." आणि मारितच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. पोरगी वाळली होती का? वाळलीच होती.

आता खरी गोष्ट अशी होती की मारितला सर्जरी सोडायची होती.

ती निवासी डॉक्टर म्हणून दुसऱ्या वर्षाला होती. हात चांगला होता, टाके सुबक होते, पहाटे चारला उठायची सवय होती. पण पेशंटला भूल दिली की तिचं मन त्याच्यावरून उडायचं. नोव्हेंबरात लोखंडाचं खनिज वाहणाऱ्या बोटीवरचे एक म्हातारे स्वयंपाकी पित्ताशयासाठी आले होते. टेबलावर झोपल्या झोपल्या ते तिला सांगत होते की सख्ख्या भावाशी ते बावीस वर्षं बोलले नव्हते, आणि परवा अचानक त्याचा फोन आला, आणि भाऊ म्हणाला... तेवढ्यात भूल चढली. पुढचा दीड तास मारित पित्ताशय सोडवत होती आणि भाऊ काय म्हणाला असेल याचा विचार करत होती. त्या दिवशी तिला कळलं की आपल्याला पित्ताशय नको आहे, भाऊ हवा आहे. म्हणजे मानसोपचार.

मिनियापोलिसच्या एका इस्पितळात मानसोपचाराची दुसऱ्या वर्षाची एक जागा जुलैपासून रिकामी होत होती. मुलाखत झाली होती, तिथल्या प्रमुख डॉ. कॅप्लन यांना मारित पसंतही होती. अट एकच. सध्याच्या प्रमुखांचं पत्र शुक्रवारी पाचच्या आत पोचलं पाहिजे. पत्र मागायचं तर निगार्डना सांगायला हवं, आणि सांगितल्यावर त्यांनी पत्र नाही दिलं तर ती जागाही जाणार आणि इथेही मन उडालेली पोरगी म्हणून दोन-तीन वर्षं काढायची. तेल गेलं, तूपही गेलं, अशातली गत.

आणि निगार्डना सांगायचं तरी कसं? चौतीस वर्षं तो माणूस कापतोय आणि शिवतोय, आणि त्या वेळात बोलला असेल तेवढं एखादी बाई वाण्याच्या दुकानात एका सकाळी बोलते. 'वाईट नाही' ही त्यांची सगळ्यात मोठी पदवी. मारितला ती दोनदा मिळाली होती. तिच्या वर्षातल्या बाकी कुणाला एकदाही नाही. माणसांना बोलतं करावं हे जिला आयुष्याचं काम वाटत होतं, तिला स्वतःचं एक वाक्य तीन आठवडे बोलता आलं नव्हतं. म्हणून शेवटी तिने वेळ मागून घेतली, की वहीत नाव चढलं म्हणजे माघार नको.

लव्हॉनबाईंनी कुणालाही काही सांगितलं नाही. हे त्या आजही शपथेवर सांगतील. त्यांनी फक्त आपल्या नणंदेला, म्हणजे ऑपरेशनची हत्यारं धुणाऱ्या डोरिनला, कॉफी पिताना विचारलं, "मारित एकलुंड तुला जरा उतरल्यासारखी वाटते का गं?" डोरिनने थोडा विचार केला आणि म्हणाली की आता तू म्हणतेस तर वाटते. बास.

दुपारी चारला मारितच्या कपाटासमोर टॉवेलात गुंडाळलेलं एक काचेचं भांडं होतं. आत हॉटडिश. खाली खिमा, मध्ये मश्रूमचं दाट सूप, वर बटाट्याचे छोटे गोळे. भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर डोरिनचं नाव, आणि सोबत चिठ्ठी: "ओव्हनमध्ये साडेतीनशेवर अर्धा तास. काही बोलायची गरज नाही."

मारितला काहीच कळलं नाही, पण सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. ती खाऊन मोकळी झाली. खाल्लं म्हणजे स्वीकारलं, आणि स्वीकारलं म्हणजे काहीतरी आहे हे पक्कं झालं. मंगळवारी तीन भांडी आली.

संध्याकाळी तिने आईला फोन केला. आई तिकडे खाणींच्या गावात राहायची आणि चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराचा तिला चाळीस वर्षांचा अनुभव. तिने शांतपणे चौकशी केली. वरचे बटाट्याचे गोळे नुसते ओतलेत की ओळीत लावलेत?

मारितने झाकण उघडून बघितलं. "ओळीत."

"चारही भांड्यांत?"

"डोरिनच्यात ओतले होते. बाकीच्यांत ओळीत आहेत."

आईने खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला. "ओतलेले म्हणजे आजारपण," ती म्हणाली. "एकेक गोळा ओळीत लावत बसायचं म्हणजे त्यांना वाटतंय तू जाणार. मारित, तू माझ्यापासून काही लपवत नाहीयेस ना?"

आईची समजूत घालण्यात पाऊण तास गेला. पण आईने निदान विचारलं तरी. इस्पितळात कुणी विचारत नव्हतं, आणि अडचण हीच होती. कुणी विचारलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपणहून देणं हा तिथे उद्धटपणा. तरीही बुधवारी सकाळी मारित धीर करून लव्हॉनबाईंकडे गेली आणि म्हणाली, "लव्हॉन, मी अगदी बरी आहे हं."

"हो तर, पोरी," लव्हॉनबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. गेल्या वर्षी त्यांच्या नवऱ्याला हृदयाचा झटका आला तेव्हा ॲम्ब्युलन्समध्ये तोही हेच म्हणत होता.

दुपारपर्यंत कॉफीच्या यंत्राशेजारी एक यादी लागली. मार्च अखेरपर्यंत कुठल्या दिवशी कोण काय करून आणणार याची. तिच्यावर मारितचं नाव नव्हतं, कारण ते बरं दिसलं नसतं. वर फक्त 'आपल्यातलं कुणीतरी' असं लिहिलं होतं. मारितने चुकून त्या यादीत स्वतःचंच नाव घातलं. तिला वाटलं दुसरंच कुणी आजारी आहे, आणि तिने सोळा तारखेला मॅकरोनी कबूल केली. हे बघून दोन नर्सेस बाहेर जाऊन रडल्या.

तिच्याबरोबरचा ब्रँट हा एरवी ड्यूटीच्या एका तासासाठी भांडणारा मुलगा. त्याने तिची शनिवार-रविवारची ड्यूटी न सांगता स्वतःच्या नावावर करून घेतली. थिएटरमध्ये तिच्यासाठी स्टूल आलं. मारितने ते पायाने बाजूला सरकवलं, तर पाच मिनिटांनी कुणीतरी ते पुन्हा तिच्या मागे आणून ठेवलं.

आणि गुरुवारी पहाटे, उणे बावीसात, मारित निघायला म्हणून खिडकीशी आली तर खाली कुणीतरी तिची गाडी उकरत होतं. रात्रभर पडलेला बर्फ फावड्याने बाजूला करून तो माणूस आता काचेवरचा थर खरवडत होता, एका रेषेत, वरून खाली, एकही जागा न सोडता. ती हाताची पद्धत तिने दोन वर्षं टेबलापलीकडून बघितली होती. काम झाल्यावर डॉ. निगार्ड यांनी फावडं आपल्या गाडीत टाकलं, कंबरेवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले आणि गेले. कालही गाडी अशीच साफ सापडली होती, तेव्हा मारितला वाटलं होतं की वाऱ्याने बर्फ उडाला.

ती पलंगावर बसली. अशा माणसाला आता जाऊन सांगायचं होतं की मी तुम्हाला सोडून चालले.

दोन वाजता ती आत गेली. सांगायचं वाक्य पाठ केलेलं होतं. पण डॉ. निगार्ड उठले आणि त्यांनी दार लावलं. ते दार लावलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं, बिजागरीसुद्धा कुरकुरली. मग ते खिडकीबाहेरच्या गोठलेल्या सरोवराकडे बघत म्हणाले, "इंगाला झालं तेव्हा मीही कुणाला सांगितलं नाही."

इंगा म्हणजे त्यांची बायको. चार वर्षांपूर्वी गेली. विभागाला ते वर्तमानपत्रातून कळलं होतं, आणि त्या दिवशीसुद्धा डॉक्टरांनी सकाळचं ऑपरेशन उरकलं होतं.

मारितने तोंड उघडलं होतं ते मिटलं. खरं तर तिने त्याच वेळी सांगायला हवं होतं की गैरसमज होतोय. पण तो माणूस बोलत होता. अडखळत, मध्ये मध्ये मोठ्या जागा सोडत, पण बोलत होता. स्वादुपिंड होतं, म्हणाले. मी सर्जन, आणि मलाच उशिरा कळलं. ती कधी तक्रार करायची नाही. मीही कधी विचारायचो नाही. आम्ही तसे सुखात होतो. शेवटच्या महिन्यातही ती उठून स्वयंपाक करून ठेवायची, माझ्यासाठी, पुढचा. ती गेल्यावर लोकांनी एकतीस भांडी आणली. ती मी जूनपर्यंत खाल्ली. तिने केलेल्यातलं एक राहिलं.

लव्हॉनबाईंनी दारावर टकटक केली, कारण पंधरा मिनिटं संपली होती आणि खर्चाच्या बैठकीला लोक खोळंबले होते. कुणी उत्तर दिलं नाही.

"काय राहिलंय?" मारितने विचारलं.

"टर्की आणि रानतांदूळ," निगार्ड म्हणाले. "तळघरात, फ्रीजरमध्ये. चार वर्षं झाली. खाण्यासारखं राहिलं नसणार, मला कळतं. पण वीज गेली की मी पहिला तिथे जातो."

मारितने रुमाल पुढे केला नाही, खांद्यावर हात ठेवला नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. ती फक्त तिथे होती. ते पुन्हा बोलू लागले, आणि दुसऱ्यांदा टकटक झाली तेव्हाही बोलतच होते. शेवटी त्यांनी नाक पुसलं आणि भानावर येऊन म्हणाले, "तुझं राहिलंच. किती दिवस आहेत म्हणतात?"

"मी आजारी नाही, डॉक्टर," मारित म्हणाली. "मला सर्जरी सोडायचीय. मानसोपचारात जायचंय."

बाहेर सरोवरावरून वारा वाहत होता. बराच वेळ वाहत होता.

"आजारी नाहीस."

"नाही."

"मी दोन दिवस तुझ्या गाडीवरचा बर्फ काढला."

"मी आज पाहिलं. मला फार वाईट वाटलं."

"पाठ धरलीये माझी," ते म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे. नोंद म्हणून.

मग त्यांनी कारण विचारलं आणि मारितने त्या बोटीवरच्या म्हाताऱ्याचं सांगितलं. पेशंट झोपला की माझं मन उडतं, म्हणाली. निगार्डनी या गोष्टीवर प्रामाणिकपणे विचार केला. "मला तो झोपल्यावरच बरं वाटतं," ते म्हणाले. पत्र कधी हवं विचारलं. उद्या पाचपर्यंत. "तुझे हात वाईट नाहीत," ते म्हणाले. ही तिसरी वेळ, आणि या वेळी त्यात राग होता की दुःख हे तिला ओळखता येईना. पत्राबद्दल ना हो म्हणाले, ना नाही. उठून त्यांनी दार उघडलं.

बाहेर लव्हॉनबाईंनी दोघांचे चेहरे पाहिले. डॉक्टरांचे डोळे लाल, पोरगी शांत. यावरून त्यांना जे समजायचं ते समजलं, आणि त्यांनी चर्चला फोन लावला.

शुक्रवारी सकाळी निवासी डॉक्टरांच्या खोलीत पाळक येऊन बसले होते. तरुण होते, सोबत लिंबाच्या वड्यांचा डबा होता, आणि मांडीवरचं पुस्तक खूण घालून उघडं ठेवलेलं होतं. ते म्हणाले, मी सहज इकडून जात होतो. त्यांचं चर्च तिथून तीस मैलांवर होतं. मागे ब्रँट, डोरिन, लव्हॉनबाई आणि दोन नर्सेस, सगळे सहज जात असल्यासारखे उभे.

मारितने उद्धटपणा केला. "मला कुणी विचारलं नाहीये," ती म्हणाली, "पण मी आजारी नाही. मी मरत नाहीये. मी सर्जरी सोडून मानसोपचाराला चाललेय, तेही डॉक्टरांनी पत्र दिलं तर."

पाळकांनी पुस्तक हळूच मिटलं. मग ब्रँट पुढे आला, त्याने तिच्या दंडाला हात लावला आणि खाली बघत म्हणाला, "वाईट वाटलं गं ऐकून."

यादी कुणी काढली नाही. डोरिनने त्या दुपारी नवं भांडं आणलं, आणि गोळे ओळीत लावलेले होते.

दिवस सरेना. मारित दोन हर्नियांत उभी राहिली. दोन्हीत निगार्ड समोर होते आणि दोन्हीत 'कात्री' आणि 'ओढ' यापलीकडे शब्द नव्हता. तीन वाजले. चार वाजले. पाचला दहा कमी असताना लव्हॉनबाई हातात कागद घेऊन जिन्यात तिच्याजवळ आल्या, आणि त्यांचा चेहरा आठवडाभरात पहिल्यांदा खरोखर घाबरलेला होता. पत्र मिळालं होतं. अशी पत्रं दोन-दोन पानांची असतात. मेहनत, सचोटी, हाताखालच्यांशी वागणूक, सगळं त्यात असतं. लव्हॉनबाईंनी अठ्ठावीस वर्षांत अशी शेकडो टंकली होती. या कागदावर तारीख होती, सही होती आणि मध्ये एक ओळ होती.

'डॉ. एकलुंड यांच्याशी मी ४० मिनिटं बोललो.'

"मी गेले होते परत," लव्हॉनबाई कुजबुजल्या. "म्हटलं डॉक्टर, आणखी एखादं वाक्य घालायचं का. म्हणाले, सगळं आलंय त्यात."

मारित पायरीवर बसली. एवढ्या ओळीवर कुणी रस्त्यावरचं मांजरसुद्धा घरात घेणार नाही. पण पाचला चार मिनिटं होती, आणि डॉक्टरांनी लिहिलं होतं तेच डॉक्टरांनी लिहिलं होतं. लव्हॉनबाईंनी ते पाठवलं. मग दोघींनी जिन्यातच बसून पाळकांच्या वड्या संपवल्या.

शनिवार-रविवार कसा गेला ते विचारू नये. ड्यूटीही नव्हती, ती ब्रँटने घेतली होती, आणि आता परत मागणं बरं दिसलं नसतं.

सोमवारी आठ वाजता मिनियापोलिसहून फोन आला. डॉ. कॅप्लन स्वतः बोलत होत्या, पण त्यांना मारित नको होती, पत्र टंकणारी व्यक्ती हवी होती. लव्हॉनबाईंनी मारितला खुणेने जवळ बोलावलं आणि फोन दोघींच्या मध्ये धरला. कॅप्लनबाई म्हणाल्या की पंचवीस वर्षांपूर्वी, विद्यार्थिनी असताना, त्यांनी निगार्डांच्या हाताखाली दोन महिने काढले होते. त्या काळात ते त्यांच्याशी अकरा शब्द बोलले. त्यांनी तेव्हा मोजून ठेवले होते. म्हणून त्यांना फक्त एक विचारायचं होतं. पत्रात चारावर एक शून्य जास्त पडलंय का?

लव्हॉनबाई ताठ बसल्या. "नाही पडलं," त्या म्हणाल्या. "मी दाराबाहेर उभी होते. दोनदा ठोठावलं, तरी ते थांबले नाहीत."

मग कॅप्लनबाई म्हणाल्या, "जुलैच्या एक तारखेला पाठवा तिला."

मारित डॉक्टरांना सांगायला गेली तेव्हा ते हात धूत होते. तिने सांगितलं. आभारही मानले, थोडक्यात, त्यांना झेपेल एवढेच. त्यांनी कोपरापर्यंत साबण लावला, नखं घासली, पाणी सोडलं.

"हं," ते म्हणाले.

ती वळली. दाराशी पोचली तेव्हा मागून पाण्याचा आवाज बंद झाला.

"बुधवारी साडेचारनंतर मला काही नसतं," डॉ. निगार्ड भिंतीवरच्या फरशीला म्हणाले. "तुला नसलं तर."

बुधवारी मारितची ओपीडी सहापर्यंत चालायची.

"मलाही नसतं," ती म्हणाली, आणि ब्रँटला शोधायला गेली.